एका रेघेची दुरुस्ती

४ फेब्रुवारी

वहिनी,

हे पाकीटही परत येईल असं धरूनच लिहायला बसले आहे. मागची दोन परत आली, कडासुद्धा न फाटता. पत्ता खोडून 'परत' तुम्हीच लिहिलं होतं, हे अक्षरावरून कळलं. तरी लिहिते, कारण आता दिवस ठरले आहेत आणि मला थांबता येणार नाही.

पंधरा एप्रिलला आमच्या दवाखान्यात बैठक आहे. झेनॉनच्या चाचणीतल्या सगळ्या मुलांचे आकडे एकत्र मांडून हे काम पुढे न्यायचं की बंद करायचं हे त्या दिवशी ठरेल. त्या आकड्यांत तुमची मुंगीही आहे. तुम्ही त्या वेळी फार सोसत होतात, आणि दादा कुठलीही गोष्ट अर्धीच सांगतो, म्हणून हे काम काय होतं ते पुन्हा लिहिते.

जन्मताना बाळाला प्राणवायू कमी पडला तर मेंदूचं सगळं नुकसान त्याच क्षणी होत नाही. पहिल्या धक्क्यातून वाचलेल्या पेशी पुढच्या काही तासांत, काही दिवसांत हळूहळू मरतात. म्हणून अशा बाळाला ऊब न देता गार पाण्याच्या गादीवर तीन दिवस ठेवतात. गारव्याने ते मरणं मंदावतं. झेनॉन हा भूल देण्याचा वायू आहे, श्वासातून देतात. गारव्याला त्याची जोड दिली तर आणखी पेशी वाचतील का, हे आम्हाला बघायचं होतं. निम्म्या बाळांना गारवा आणि वायू, निम्म्यांना नुसता गारवा. कुणाला काय, ते बंद पाकिटातली चिठ्ठी ठरवणार. डॉक्टर आणि सिस्टर यांना कळू नये म्हणून वायूचं यंत्र पडद्यामागे असायचं आणि पडद्यामागे फक्त तंत्रज्ञ. ज्या बाळाला वायू नाही त्याच्यासाठीही यंत्र चालवायचं, तेवढाच आवाज करायचा, दर तासाला उठून रिकामी चावी फिरवल्यासारखं करायचं.

ते माझं काम होतं. ते तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या दारात तुम्ही मला म्हणालात ते शब्द मला पाठ आहेत. "तुझ्या हाताशी टाकी होती. एखाद्या परक्या बाईने तरी चावी फिरवली असती."

मी खाली बघून जिना उतरले. मुंगी गेली त्या दिवशीही त्याच जिन्याखाली उभी होते. वर आले नाही.

मला एक गोष्ट सांगायची आहे. आज जमलं नाही. पुढच्या आठवड्यात लिहीन.

तुमची नणंद


११ फेब्रुवारी

वहिनी,

पत्र अजून परत आलेलं नाही. टपाल उशिरा चालतं, म्हणून त्याचा मी काही अर्थ लावत नाही.

त्या दिवसाबद्दल लिहिते. तुम्ही दुसऱ्या दवाखान्यात होतात, टाके घातलेल्या अवस्थेत. इथे काय झालं ते तुम्ही फक्त दादाकडून ऐकलं आहे.

सकाळी दहाला गाडी आली. मला फोनवर एवढंच सांगितलं होतं की बाळ येतंय, मुलगी आहे, जन्मून दोन तास झाले आहेत. माझ्याबरोबरचा तंत्रज्ञ रजेवर होता. मी नेहमीसारखे यंत्राचे सांधे साबणाच्या पाण्याने तपासत होते. बुडबुडा आला की गळती. हा वायू हवेतून थेंबाथेंबाने गोळा करावा लागतो, म्हणून आमच्या यंत्रात तोच वायू गाळून पुन्हा पुन्हा फिरवतात, आणि एक सांधा सैल असला की सगळं वाया. मोठ्या सिस्टर मला साबणबाई म्हणायच्या. त्या दिवशीही म्हणाल्या, "साबणबाई, आवरा. बाळाला आंघोळ नाही घालायची."

मग बाळाच्या मनगटावरची पट्टी वाचली आणि तुमचं नाव दिसलं.

नियम असा आहे की नात्यातलं बाळ असेल तर पडद्यामागे बसायचं नाही. लग्नानंतर माझं आडनाव बदललेलं, त्यामुळे कुणाला कळण्यासारखं नव्हतं. मी सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर दुसरा माणूस येईपर्यंत वेळ गेला असता, असं मी स्वतःला पुढे बरीच वर्षं समजावलं. खरं म्हणजे मला तिथून उठायचं नव्हतं.

दादा बाहेर बाकावर होता. शर्टाची बटणं एक घर चुकवून लावलेली. त्याच्या हातात संमतीचा कागद होता.

"हे काय आहे गं? सही करू का?"

"वाचलंस का?"

"चार वेळा वाचलं. अक्षरं दिसतात, पुढचं कळत नाही. तू सांग. तुझी मुलगी असती तर केली असतीस?"

"केली असती."

"मग झालं," म्हणाला, आणि माझ्याच पेनाने सही केली. पेन परत द्यायचं विसरला. ते अजून त्याच्याकडेच असेल.

म्हणजे सहीसुद्धा माझ्या सांगण्यावरून झाली. तो हे तुम्हाला बोलला नसणार. तुमचा राग वाटून घेण्यापेक्षा स्वतःवर घेणं त्याला सोपं जातं.

बाळाचं वजन, तापमान, वेळ, सगळं मी तक्त्यात लिहिलं. मग पडद्यामागे जाऊन पाकीट फोडलं. आत काय होतं ते तुम्हाला चाचणी संपल्यावर आलेल्या पत्रातून कळलं. 'वायू नाही.'

इथे थांबते. उद्या लिहीन. नक्की.

तुमची नणंद


१२ फेब्रुवारी

वहिनी,

मी चावी फिरवली.

चिठ्ठी वाचून घडी घातली, खिशात ठेवली आणि खरी टाकी उघडली. इतर बाळांना दिला तेवढाच वायू, तेवढाच वेळ, पुरे चोवीस तास. दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला बंद केला. मधे मी एकदाही पडद्याबाहेर आले नाही.

प्रत्येक बाळाआधी आणि नंतर टाकीचं वजन करतात. वजन कमी भरणार होतं. म्हणून नोंदवहीत लिहिलं, "सांधा क्रमांक तीन, गळती." मोठ्या सिस्टरनी ते वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"तुमच्या सांध्याला गळती?"

"झाली."

"बाई, तसं असेल तर उद्या मी नाचायला लागेन."

पुढे काही विचारलं नाही. त्यांना काय वाटलं ते मला आजवर कळलेलं नाही.

तुम्ही दारात मला परक्या बाईपेक्षा वाईट ठरवलंत तेव्हा मी हे सांगू शकले असते. नोकरी गेली असती, ती भीती होतीच, खोटं कशाला लिहू. पण दुसरंही होतं. मुंगीला वायू मिळाला नाही असं तुम्ही धरून चालला होतात, तोवर तुमच्यापाशी एक वाट शिल्लक होती. हे झालं असतं तर ती चालली असती, बोलली असती. मी खरं बोलले असते तर ती वाट मीच बंद केली असती. सगळं देऊन झालं होतं, वहिनी. गारवा दिला, वायू दिला, तरी ती तशीच राहिली. एक बोट सोडून काही हललं नाही. त्या बोटाने ती दादाच्या तळहातावर चालायची, म्हणून तर त्याने मुंगी नाव ठेवलं.

मला वाटलं, वहिनींनी माझ्यावर रागावलेलं बरं. हा निर्णय मी एकटीने घेतला, तुम्हाला न विचारता. पहिलाही तसाच घेतला होता.

आता पुढचं. मुंगीचे आकडे 'वायू नाही' या रकान्यात आहेत आणि ते खोटं आहे. दोन्ही बाजूंचे आकडे इतके जवळजवळ आहेत की मोठे डॉक्टर परवा म्हणाले, "दोन-तीन मुलं इकडची तिकडे असती तर चित्र वेगळं दिसलं असतं." त्यांनी सहज म्हटलं. मी चहाचा कप खाली ठेवला तो उचललाच नाही.

वीस तारखेला मी त्यांना सगळं सांगणार आहे. तुम्हाला आधी कळावं, आणि कार्यालयाच्या छापील कागदावरून कळू नये, म्हणून ही पत्रं. तुम्ही ती उघडली नाहीत तरी वीस तारीख बदलणार नाही.

तुमची नणंद


२६ फेब्रुवारी

वहिनी,

सांगितलं.

मोठे डॉक्टर एरवी वाक्य मधेच तोडतात. त्या दिवशी शेवटपर्यंत ऐकलं. मग खिडकी लावली आणि म्हणाले, "ही गोष्ट तुम्ही सहा वर्षं पोटात ठेवलीत?"

"हो."

"आणि आणखी किती मुलांच्या बाबतीत?"

"एकाही नाही."

"मी यावर विश्वास का ठेवायचा?"

मी म्हटलं, ठेवू नका, तपासा. टाक्यांची वजनं आहेत, सगळ्या बाळांची. गळतीची नोंद एकच आहे. त्यांनी कपाटातून वह्या काढल्या आणि माझ्यासमोर पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितल्या. दोन तास लागले. तेवढा वेळ मी उभी होते. त्यांनी बसा म्हटलं नाही आणि मला बसावंसं वाटलंही नाही.

शेवटी मी त्यांना ते विचारलं जे तुम्हाला बारा तारखेच्या पत्रात लिहायचं टाळलं होतं. आता लिहिते. वायू घेणाऱ्या बाळांना झोपेचं औषध कमी लागायचं. औषधालयाकडे चिठ्ठ्यांची यादी असायची, ते मात्रा त्यावरून ठरवून, सिस्टरना न कळवता पाठवायचे. मुंगीच्या नावापुढे 'वायू नाही' होतं, म्हणून तिला औषध पूर्ण दिलं गेलं. त्या संध्याकाळी तिचा रक्तदाब उतरला होता. त्यांनी तो सावरला, पण उतरला होता. मी पडद्यामागून आकडे ऐकत होते आणि तोंड उघडलं नाही. मला सहा वर्षं हेच खातंय की मी दिलं म्हणून तर बिघडलं नाही ना.

डॉक्टरांनी शेवटची वही मिटली. मग म्हणाले, "माहीत नाही. वायू न घेतलेल्या बाळांचाही रक्तदाब उतरायचा. एका मुलावरून काहीच सांगता येत नाही, चांगलंही नाही आणि वाईटही नाही. म्हणून तर आपण मोजत होतो, बाई. आणि तुम्ही तेच मोडलंत."

हे तुमच्यापासून लपवलं असतं तर ही सगळी पत्रं वायाच गेली असती. आता तुमचा राग पहिल्यापेक्षा मोठा होईल हे मला समजतं. तो योग्य कारणासाठी असेल एवढंच.

मला वॉर्डात जायला बंदी झाली आहे. चौकशी समिती नेमली आहे. तोवर तळघरातल्या कार्यशाळेत बसते. सांधे तपासते.

तुमची नणंद


१९ मार्च

वहिनी,

एकही पत्र परत आलेलं नाही. आता टपालाला दोष देता येत नाही.

काल दादा आला होता. कार्यशाळेच्या दारात उभा राहिला, आत ये म्हटलं तरी येईना. म्हणाला, "इथे काही फुटणार तर नाही ना?" मग आला, स्टुलावर बसला, आणि पाच मिनिटं एक रबरी नळी हातात घेऊन वाकवत राहिला.

"वाचलं का वहिनींनी?" मी विचारलं.

"वाचलं."

"सगळं?"

"दोनदा. मग शाळेतल्या मुलांच्या गणिताच्या वह्या तपासायला बसली. एका गठ्ठ्याला एरवी तासभर लागतो, काल संध्याकाळ गेली."

"काही म्हणाल्या?"

"म्हणाली, बटाटे संपलेत."

मला हसू आलं आणि त्यालाही. पुष्कळ वर्षांनी आम्ही दोघं एकाच गोष्टीला हसलो. मग तो रडला. मी त्याला नळी परत मागितली, कारण तो ती तोडणार होता.

जाताना म्हणाला, "सही मी केली होती. तू सांगितलंस म्हणून नाही. मला ती जगायला हवी होती म्हणून." हे त्याने तुम्हालाही सांगितलं असेल तर बरं. नसेल तर माझ्याकडून कळलं असं सांगू नका.

समितीने माझी तीन वेळा चौकशी केली. एक बाई त्यात वकील आहेत. त्या म्हणाल्या, "तुम्हाला पश्चात्ताप होतो का, हो की नाही?" मी म्हटलं, मुंगीला वायू दिल्याचा होतो की नाही ते मला ठरवता येत नाही. खोटी नोंद केल्याचा होतो. त्यांनी ते तसंच लिहून घेतलं.

आता समिती तुम्हा दोघांना कागद पाठवेल. मुंगीच्या सगळ्या नोंदींची प्रत त्यात असेल आणि एक प्रश्न असेल: तिचे आकडे चाचणीत ठेवायचे की काढून टाकायचे. हा अधिकार आईवडिलांचा आहे. काढा म्हणालात तर तिचं पान बंद होईल आणि कुणी कारण विचारणार नाही. मी त्यावर माझं मत देणार नाही. तुम्हाला न विचारता माझं पुरेसं ठरवून झालं आहे.

तुमची नणंद


१० एप्रिल

वहिनी,

काल सकाळी मोठ्या डॉक्टरांनी मला वर बोलावलं. टेबलावर मुंगीची फाईल होती आणि तिच्यावर तुमचा कागद. लाल शाईने लिहिलेला.

'आकडे ठेवावेत किंवा काढावेत' या छापील ओळीत तुम्ही 'काढावेत' खोडलं होतं आणि बाजूला लिहिलं होतं, "ठेवा. पण खऱ्या रकान्यात." खाली इतर सूचनांच्या जागी लिहिलं होतं, "जन्माचं वजन चुकलं आहे. २ किलो ९०४ नाही, ९४० होतं. जन्म झाला त्या दवाखान्याचा कागद जोडला आहे."

वजन मी लिहिलं होतं. दोन अंक उलटे पडले. माझ्या हातून आकडा असा कधी चुकत नाही. त्या दिवशी मी शांत होते असं मला इतकी वर्षं वाटत होतं.

डॉक्टर म्हणाले, "पाच जणांनी ही फाईल तपासली. एकालाही दिसलं नाही. या बाई करतात काय?"

"गणित शिकवतात."

"आमच्याकडे पाठवा," म्हणाले.

समितीचा निकाल लागला आहे. मला यापुढे कुठल्याही चाचणीत बाळाजवळ बसता येणार नाही. नोकरी राहिली, कार्यशाळेपुरती. बैठकीसाठी त्यांनी प्रस्ताव तयार केला आहे: वायूला आम्ही बहुधा उशीर करत होतो, म्हणून तो गाडीतच, आणताना वाटेत, सुरू करून बघायचा. त्यात यश येईल की नाही कुणालाच माहीत नाही. मुंगीच्या रकान्याने निकाल फिरला नाही. थोडासा हलला, तोही वायूच्या विरुद्ध बाजूला, आणि तसाच मांडला जाणार आहे. प्रस्ताव मंजूर झाला तर गाडीत मावेल असं लहान यंत्र लागेल. ते मी बांधते आहे. मंजूर झाला नाही तरी बांधून पुरं करणार आहे. खाचखळग्यांतून हादरे बसले तरी सांधा सुटता कामा नये, तेवढं अजून साधलेलं नाही. साधेल.

आता तुम्हाला सांगायचं ते. आमच्याकडे नोंद चुकली तर खोडरबर चालत नाही, पांढरी शाई चालत नाही. एकच रेघ मारायची, जुनं खालून वाचता आलं पाहिजे. शेजारी नवं लिहायचं, कारण लिहायचं, तारीख घालून सही करायची. आणि ज्याने लिहिलं त्यानेच दुरुस्त करायचं. म्हणून मला बोलावलं होतं.

डॉक्टरांनी पेन पुढे केलं. मी माझं काढलं. दादाने परवा आणून दिलं ते.

पहिली रेघ वजनावर. कारण: आईने लक्षात आणून दिलं.

दुसरी रेघ 'सांधा क्रमांक तीन, गळती' यावर. कारण: गळती झाली नव्हती.

तिसरी 'वायू नाही' यावर. शेजारी लिहिलं, वायू दिला, चोवीस तास. कारणाच्या चौकोनात पेन टेकवून मी थांबले. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात लिहा, जागा कमी आहे. मी लिहिलं: मी तिची आत्या.

मंगळवारी दुपारी दोन ते चार आईवडिलांना फाईल बघता येते. पहिला मजला, उजवीकडे. मी जिन्याखाली उभी असेन, तुम्ही म्हणालात तर वर येईन. तुमच्या नजरेने एकदा तपासून घ्या. जुनं तिन्ही ठिकाणी वाचता येतं.

तुमची नणंद